एक चांदणी की दोन

कुसाबाईंना माणूस दोन मिनिटांत कळायचा आणि तिसऱ्या मिनिटाला नकोसा व्हायचा. चाळीस वर्षं पंचवटीच्या फुलबाजारात पाट्या उतरवून बसल्यावर दुसरं काय होणार? शेवंतीचं फूल उचलणाऱ्याचा हात पाहूनच त्या ठरवायच्या, हा घेणारा की नुसता हुंगणारा. जगात हुंगणारेच फार, असं त्यांचं ठाम मत होतं.

अशा बाईला सुनेनं, योगिनीनं, ज्येष्ठ नागरिक मंडळाचं सभासद करून टाकलं. "आई, जरा चार माणसांत मिसळा," म्हणाली. ही चार माणसं घरातली नव्हेत, हे कुसाबाईंना लगेच उमगलं. पण मखमलाबादच्या मळ्याचा अर्धा तुकडा बिल्डरनं गिळला होता, उरलेल्यात मुलानं, अमोलनं, ठिबक बसवलं होतं, आणि रिकामे हात खायला उठत होते. म्हणून त्या गेल्या.

मंडळाचं नाव 'कृतार्थ'. चाळीस सभासद, त्यांतले एकोणीस पदाधिकारी. अध्यक्ष वाल्मीकराव कुठल्याशा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. खुर्ची गेली होती, पण बसण्याची ढब गेली नव्हती. दोन हजार आठच्या दिवाळीत त्यांनी मंडळात संगणक आणला आणि 'ऑनलाइन व्याख्यानमाला' सुरू झाल्याचं जाहीर केलं. ऑनलाइन हा शब्द ते असा उच्चारायचे, जणू काल रात्री त्यांनीच तो जन्माला घातला. पुण्याची एक संस्था आठ गावांतल्या म्हाताऱ्यांना अशी व्याख्यानं पुरवायची. वक्ता त्याच्या घरी बसणार, इथं भिंतीवर दिसणार, आणि संगणकावर बसवलेल्या बारक्या कॅमेऱ्यातून त्यालाही सभागृह दिसणार. विचारलं तर उत्तर मिळणार. मात्र वेळ तासाचीच. नाशिकची पाच ते सहा. सहाच्या ठोक्याला जोडणी तोडून ती मालेगावच्या मंडळाला देत.

पहिल्या खेपेला मुंबईच्या एका बाईंनी हसायला शिकवलं. दोन्ही हात वर आणि हो हो हो. चाळीस म्हातारे भिंतीकडे बघून हो हो करताना पाहून कुसाबाईंना खरंच हसू आलं, पण ते या प्रकारात बसणारं नव्हतं. दुसऱ्या खेपेला एका गृहस्थांनी गॅलरीत झेंडू कसा लावावा ते सांगितलं. त्याच्याशी रोज प्रेमानं बोलावं म्हणाले. "झेंडूशी बोलत बसले असते तर पोरं उपाशी मेली असती," कुसाबाई मोठ्यानं म्हणाल्या. तेव्हापासून त्यांना मागच्या रांगेत बसवू लागले.

तिसरं व्याख्यान जानेवारीत होतं. विषय 'आकाश आणि आपण'. बोलणार होते बंगळूरच्या दुर्बिणीवाल्या संस्थेतले डॉक्टर ललित. फळ्यावर हे वाचून घेतल्यावर कुसाबाई घरी येऊन गप्पच बसल्या, तेव्हा योगिनीनं ताप बघायला कपाळाला हात लावला.

ताप नव्हता. तंटा होता, आणि तो तीस वर्षं जुना होता. कुसाबाई आणि त्यांचे मालक धोंडीराम पहाटे तीनला फुलं खुडायला मळ्यात उतरायचे. काही महिने पूर्वेला एक मोठी चांदणी असायची, मग नाहीशी व्हायची. संध्याकाळी पाणी धरताना काही महिने पश्चिमेला तशीच एक दिसायची. बांधावर उभं राहून मान मोडेपर्यंत वर बघायची धोंडीरामांना खोड होती. एक दिवस ते म्हणाले, "कुसे, ही अन् ती एकच हाय. दोघी एका दिवशी कवाच दिसत नाय. ही हाय तवा ती नाय. मी लय वर्सं बघतोय."

कुसाबाईंनी ही गोष्ट दुसऱ्या दिवशी फुलबाजारात नेली. आमचे मालक म्हणतात, उगवतीची मावळतीला जाती अन् मावळतीची उगवतीला येती, एष्टीच्या पासावर! बाजार खो खो हसला. धोंडीरामांचं नाव चांदणीशेठ पडलं आणि ते मरेपर्यंत टिकलं. पहिली काही वर्षं ते स्वतःही हसायचे. मग हसायचे बंद झाले, आणि चांदणीबद्दल बोलायचेही. दोन वर्षांमागे शेवटच्या आजारात अंगणात खाट टाकली होती. एका संध्याकाळी त्यांनी पश्चिमेला बोट केलं आणि कुसाबाईंकडे पाहिलं. तोंडातून शब्द काढला नाही. "झोपा आता गुमान," कुसाबाई म्हणाल्या. आठ दिवसांत माणूस गेला.

ते बोट कुसाबाईंना सुखानं जेवू देत नव्हतं. विचारणार कुणाला? बाजारात तर आपणच हशा पिकवलेला. सुनेला विचारायचं म्हणजे आयुष्यभराच्या तोऱ्यावर पाणी. आणि ज्याला त्याला विचारून आलेल्या उत्तरावर त्यांचा विश्वासही बसला नसता. पण हा माणूस पगार घेऊन तारे बघत होता. त्यानं सांगितलं असतं की दोन, तर त्या मोकळ्या होणार होत्या. एक म्हणाला असता तर काय करायचं, ते त्यांनी ठरवलं नव्हतं.

वाल्मीकरावांचा फोन आला. "कुसाबाई, हारांचं तुमच्याकडे. घरचीच फुलं, तेवढंच तुमचं योगदान." एरवी कुसाबाईंनी त्यांना फोनवरच सोलून काढलं असतं. या वेळी हो म्हणाल्या, कारण हार देणाऱ्या बाईला पुढची खुर्ची आणि माईक मिळेल असा त्यांचा हिशेब होता. किती हार, ते वाल्मीकरावांनी सांगितलं नव्हतं. कुसाबाईंनी मोठ्या मनानं वीस ओवले. एक पाहुण्याचा, एकोणीस पदाधिकाऱ्यांचे.

बरोबर पाचला भिंतीवर डॉक्टर ललित उमटले. पस्तिशीचा पोरगा, अंगात साधा स्वेटर. "नमस्कार, आवाज येतोय ना? मी मूळचा आपल्या देवळ्याचा. सुरू करू?"

"थांबा, थांबा!" वाल्मीकराव ओरडले. "आधी दीपप्रज्वलन."

समई पंख्यानं विझली. पंखा बंद केला, समई लावली. तीन बायकांनी स्वागतगीत म्हटलं, तिघींनी तीन पट्ट्यांत. मग प्रास्ताविक. मग पाहुण्यांचा परिचय, तोही देवळ्याच्या शाळेतल्या चौथीच्या स्कॉलरशिपपासून. पाहुणा भिंतीवर हसरा चेहरा धरून बसला होता. जमिनीवरचा हा कार्यक्रम बघायला त्याला दुर्बिणीची गरज नव्हती. कुसाबाई पुढच्या खुर्चीत घड्याळाकडे बघत होत्या. सव्वापाच होऊन गेले.

मग सत्कार. पाहुणा बंगळूरला, पण सत्काराशिवाय वक्ता बोलला तर आभाळ कोसळेल, असं या मंडळींना खरोखर वाटतं. वाल्मीकरावांनी हार संगणकाला घातला. नारळ संगणकाच्या बटणांवर ठेवला, तसा आतून टूं टूं असा आवाज येऊ लागला. मग दोघांनी दोन टोकं धरून शाल संगणकावर पांघरली, ती नेमकी कॅमेऱ्यावरून.

"सर, मला अंधार दिसतोय," भिंतीवरून आवाज आला.

"हा आपला विनय आहे," वाल्मीकराव म्हणाले, आणि टाळ्या पडल्या.

शाल काढली, नारळ उतरवला. सुटलो, असं कुसाबाईंना वाटलं. पण वाल्मीकरावांची नजर हारांच्या पाटीवर गेली. "आणि हे काय! कुसाबाईंनी तर सर्वांसाठी हार आणलेत. मग पदाधिकाऱ्यांचाही सत्कार उरकून घेऊ." एकोणीस माणसं एकेक करून पुढे आली. प्रत्येकानं नको नको म्हटलं, मान पुढे केली, हात जोडले, आणि फोटो निघेपर्यंत तसाच उभा राहिला. एकाचे डोळे मिटले गेले म्हणून त्याला परत हार घातला. कुसाबाईंना स्वतःच्या बोटांचा राग आला. त्या बोटांनीच हे एकोणीस वाटमारे तयार केले होते.

व्याख्यान सुरू झालं तेव्हा सहाला सोळा मिनिटं होती. पोरगा मात्र शहाणा निघाला. त्यानं फापटपसारा ठेवला नाही. पहिल्यांदा विचारलं, "तुमच्यापैकी पहाटेचं आकाश कोण कोण बघतं?" गळ्यात हार घातलेली मंडळी एकमेकांकडे बघू लागली. फक्त कुसाबाईंचा हात वर गेला. तो हसला, त्यांच्याकडे बघूनच बोलू लागला, आणि जेमतेम रंगात आला तोच वाल्मीकरावांनी माईकवर टकटक केली. "वेळेअभावी आता प्रश्नोत्तरं. दोनच."

पहिला माईक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या सावळीरामअण्णांनी पकडला. "माझा तसा प्रश्न नाही," त्यांनी सुरुवात केली. तिथून चंद्र, चंद्रावरून भरतीओहोटी, ओहोटीवरून धरण, धरणावरून त्यांनी एकोणीसशे ब्याऐंशीत थोपवलेला पूर. कुसाबाई उठल्या आणि त्यांच्या हातातून माईक ओढून घेतला. अण्णांचं तोंड पुरातच उघडं राहिलं.

"डाक्टर, मी कुसाबाई, मखमलाबादची. पहाटं उगवतीला मोठी चांदणी दिसती अन् सांजच्याला मावळतीला दिसती. त्या दोन हायेत का एक? आमचे मालक म्हणायचे, एकच. ही हाय तवा ती नाय. मी म्हणायचे, दोन. तीस वर्सं भांडले मी."

पोरगा खुर्चीतून पुढे सरकला. त्याचा चेहरा सगळी भिंत व्यापून राहिला. "आजी, हे त्यांना कुणी शिकवलं?"

"कुणी नाय. बांधावर हुबं राहून बघायचे."

"नुसत्या डोळ्यांनी? किती वर्षं?" त्याच्या आवाजात खरं कौतुक होतं, मंडळात ऐकू येतं तसलं नव्हे. "आजी, ऐका, तुमचे मालक…"

"धन्यवाद!" वाल्मीकरावांनी माईक काढून घेतला. "सहाला तीन मिनिटं कमी आहेत, आणि आभारप्रदर्शन राहिलंय. जरा भिंतीवरचा आवाज बंद करा बघू."

आवाज बंद झाला. वाल्मीकरावांनी संगणकाचे आभार मानले, सतरंजीवाल्याचे मानले, वीज मंडळानं वीज घालवली नाही म्हणून त्यांचेही मानले. मागे भिंतीवर पोरगा बोलतच होता. ओठ हलत होते, हात हलत होते, आणि कुसाबाईंना एक अक्षर ऐकू येत नव्हतं. "त्याचा आवाज लावा! आवाज लावा की!" त्या ओरडल्या. "आजी, शिस्त," कुणीतरी म्हणालं. सहा वाजले. भिंत पांढरी झाली.

"त्याचं उत्तर राहिलं," कुसाबाई म्हणाल्या. 

"त्यात काय, मी देतो की," वाल्मीकराव म्हणाले. गळ्यातला हार त्यांनी सारखा केला. "साधी गोष्ट आहे. पूर्व कुठे, पश्चिम कुठे? या टोकाची चांदणी त्या टोकाला जाईलच कशी? त्या दोन, वेगवेगळ्या. अशिक्षित माणसांचे असे भाबडे समज असतात, बिचाऱ्यांचा दोष नाही. तेव्हा आजी, तंटा तुम्ही जिंकलात! टाळ्या!"

चाळीस जणांनी टाळ्या वाजवल्या. एकोणीस हार डुलले. सावळीरामअण्णांनी तर उठून वाजवल्या.

तीस वर्षं कुसाबाईंना हेच हवं होतं. आता मिळालं, आणि त्यांनी समोर पाहिलं. पहाटेच्या आकाशासाठी यांतला एक हात वर गेला नव्हता. जन्मात कधी मान वर न केलेली ही सगळी माणसं त्यांच्या बाजूला उभी होती. समोरच्या बाजूला एकटे धोंडीराम, बांधावर, मान मोडेपर्यंत वर बघत. आपण कुणाच्या कळपात जाऊन बसलो, ते कुसाबाईंना लख्ख कळलं.

त्यांनी माईक परत हिसकावला. "टाळ्या बंद करा. तुम्ही सगळे माझ्या बाजूनं हाय, तवाच कळलं मला. माझंच चुकलं. ते खरे व्हते. मी त्यांना बाजारभर येडं ठरवलं, अन् मला एका बाईनं, एका बाप्यानं आडवलं नाय."

 मग वाल्मीकराव हसले. "आजी फार गमतीदार बोलतात. चला, ग्रुप फोटो."

कुसाबाई फोटोला थांबल्या नाहीत. बाहेर फाटकापाशी योगिनी स्कूटी घेऊन उभी होती. "काय आई, आवडलं का आजचं?" तिनं विचारलं. कुसाबाई वर बघत होत्या. रस्त्यापलीकडच्या टाकीवर, पश्चिमेला, मोठी चांदणी निघाली होती.

"आई? बसताय ना?"

"थांब जरा," त्या म्हणाल्या.

आज पहाटे पूर्वेला ती नव्हती. कालही नव्हती. ही मावळतीला असताना ती उगवतीला एकदाही दिसली नव्हती. कुसाबाईंना ते ठाऊक होतं. धोंडीरामांनी पहिल्यांदा सांगितलं, त्याच्या दुसऱ्याच पहाटे कुसाबाईंनी हळूच मान वर करून बघितलं होतं, उगवती रिकामी होती, आणि मग पाटी उचलून बाजारात हसवायला निघाल्या होत्या.