दुसऱ्या वारसाची सही

काका गेले आणि त्यांच्यामागे त्यांची भाड्याची खोली तेवढी राहिली. ती महिनाअखेर रिकामी करून द्यायची होती. काकांनी लग्न केलं नव्हतं. आईवडील लवकर गेलेल्या दोन पुतण्यांना त्यांनी लहानाचं मोठं केलं, तेव्हा आवराआवर करायला तीच दोघं येणार हे उघड होतं. थोरली ताई आणि तिचा पाठचा भाऊ बारक्या. बारक्या सहा फूट उंच झाला, मिशीत पांढरे केस डोकावायला लागले, पण नाव काही मोठं झालं नाही.

ताई चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात होती. केसाएवढा फरक तिच्या बोटांना कळायचा. बारक्या लिफ्ट दुरुस्त करायचा. करायचा असंच म्हणायला हवं, कारण काही महिन्यांपूर्वी त्याचा जोडीदार लिफ्टच्या खड्ड्यात पडून गेला, आणि त्या दिवसापासून बारक्याने पान्याला हात लावला नव्हता. चौकशी झाली, त्याच्याकडे बोट दाखवण्यासारखं काही निघालं नाही. तरी तो घरात बसला तो बसलाच. ताईने फोन केला की उचलायचा, ‘बरं आहे’ म्हणायचा आणि ठेवून द्यायचा. ते ‘बरं आहे’ ताईला खुपायचं, पण कारखाना, घर आणि मुलीची परीक्षा यांच्या रगाड्यात जाऊन बघायचं राहून जात होतं.

काकांचं कपाट ताईने उघडलं. आतल्या कप्प्यात लोकरी मफलरमध्ये गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं. आकाराच्या मानाने फारच जड. मफलर सोडायच्या आधीच तिला कळलं. काका नोकरीत असताना बँकेच्या पैशांच्या गाडीवर रखवालदार होते, आणि कंबरेला लावायचं रिव्हॉल्वर त्यांचं स्वतःचं होतं, रीतसर परवान्याचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी ते कधीच विकलं असेल, अशी तिची समजूत होती. सोबत प्लास्टिकच्या पाकिटात परवाना होता आणि एक पुठ्ठ्याची डबी. तिने डबी उघडली. पितळी काडतुसं ओळीने खोचलेली, एकही घर रिकामं नाही.

मग तिने मान वळवली. बारक्या दारात उभा होता, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर जाग आली होती.

तो पुढे आला आणि रिव्हॉल्वर त्याने इतक्या सहज उचललं की जणू पेचकसच उचलतोय. बाजूचा खटका सरकवला, काडतुसांची चकरी बाहेर काढली, तिला दाखवली. “रिकामं आहे. घाबरू नको.”

“तुला कसं येतं हे?”

“काकांनी शिकवलं. तू सासरी गेल्यावर आम्ही दोघं बसून साफ करायचो.”

“बरं. ठेव खाली.”

“राहू दे की माझ्याकडे. आठवण म्हणून.”

“आठवण म्हणून त्यांचं घड्याळ घे.”

“ते बंद पडलंय,” बारक्या म्हणाला आणि हसला.

 ते हसू तिला उद्देशून नव्हतं. “मी ठाण्यात फोन केलाय,” ती म्हणाली. वाक्य तोंडातून निघून गेल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं. “आजच जमा करा म्हणालेत.”

“कधी केलास?”

“सकाळी.”

“सकाळी तुला हे सापडलं कुठे होतं?”

“काकांकडे आहे हे माहीत होतं ना. म्हणून विचारून ठेवलं.”

बारक्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग रिव्हॉल्वर खाटेवर ठेवलं. ताई स्वयंपाकघरात गेली, खिळ्यावरची कापडी पिशवी ओढली आणि तशीच परत फिरली. सगळं जागच्या जागी होतं. डबीचं झाकण लावलेलं, बारक्या खिडकीशी. तिने घाईघाईने सगळं पिशवीत कोंबलं.

“मी येतो सोबत,” तो म्हणाला.

ठाणं लांब नव्हतं, पण ताईला तो रस्ता काही केल्या संपेना. शाळा सुटली होती. पोरं अंगावर आदळत होती. एकाचं दप्तर पिशवीला घासून गेलं तेव्हा ती जागीच थांबली. रिव्हॉल्वर रिकामं आहे हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं, पण भीतीला कुठे डोळे असतात. पिशवी तिने भावाच्या उलट्या बाजूला धरली होती. चौकात गाड्या आल्या तसा तो सवयीने रहदारीच्या बाजूला आला, लहानपणापासून यायचा तसा, आणि आता पिशवी दोघांच्या मध्ये आली. तिने ती छातीशी कवटाळली. बारक्याने ते पाहिलं आणि दुसरीकडे नजर वळवली.

ठाण्यात टेबलाशी बसलेल्या हवालदारबाई पन्नाशीच्या, शांत बाई होत्या. त्यांनी रिव्हॉल्वर उघडून पाहिलं, त्यावरचा नंबर परवान्याशी ताडून पाहिला आणि मान हलवली. “आणलंत ते बरं केलंत. लोक वर्षानुवर्षं कपाटात ठेवतात आणि मग आमच्या डोक्याला ताप. आता दोनच वाटा. वारसाला हवं असेल तर त्याने स्वतःच्या नावाचा परवाना मागायचा. नको असेल तर परवानगी काढून परवानाधारक दुकानदाराला विकायचं. तोवर हे आमच्याकडे जमा.”

“विकायचंय,” ताई म्हणाली.

“वारस किती?”

“आम्ही दोघंच.”

“मग अर्जावर दोघांच्या सह्या. एकाची चालत नाही.” बाईंनी बोलता बोलता डबी उघडली. “एक काडतूस कमी दिसतंय.”

ताई पुढे वाकली. भरलेल्या ओळींत एक काळं, रिकामं घर होतं.

“आधीपासून असंच होतं का?” बाईंनी विचारलं.

बारक्या छताच्या पंख्याकडे बघत होता.  खरं बोलली तर याला इथेच बसवून ठेवतील, खिसे तपासतील, आत घालतील. इतकंच तिला सुचलं.

“हो,” ती म्हणाली. “असंच होतं.”

बाहेर आल्यावर ती काही विचारायच्या आत बारक्या पायऱ्या उतरला होता. “सहीचं मी विचार करून सांगतो,” तो मागे न बघता म्हणाला. गर्दीत त्याचं डोकं बराच वेळ वर दिसत राहिलं. हाक मारायची होती, ती राहूनच गेली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिच्या हातून काच फुटली. मग आणखी एक. मुकादमाने काही न बोलता तिला मशीनवरून उठवून पुड्या बांधायला बसवलं. घरी आल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं.

नवरा सरळ माणूस. तो म्हणाला, “नुसतं काडतूस काय कामाचं? पिस्तूल ठाण्यात आहे. मग भीती कसली?”

“त्याने ते उचललं, याची.”

नवऱ्याने हातातलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाला, “जाऊन ये. मी येऊ का?”

“नको. तुम्ही आलात तर तो ‘बरं आहे’ म्हणेल.”

सकाळीच ती रजा टाकून निघाली. बारक्याची खोली वरच्या मजल्यावर होती. लिफ्ट होती, पण तिच्यात पाऊल टाकायला ताईचं मन धजेना. जिने चढून वर आली तेव्हा छाती धपापत होती. तिने दार वाजवलं. उत्तर नाही. पुन्हा वाजवलं. दाराला कान लावला. आत पाण्याचा नाही, भांड्याचा नाही, पावलांचा नाही, कसलाच आवाज नव्हता. तिने फोन लावला, आणि दाराच्या पलीकडे फोन वाजत राहिला, वाजून वाजून थांबला.

 ती दोन्ही तळव्यांनी दार बडवायला लागली. शेजारचं दार किलकिलं झालं, पुन्हा लागलं. तिच्या मनात काय काय येऊन गेलं ते तिने पुढे नवऱ्यालाही सांगितलं नाही.

कडी निघाली. बारक्या समोर उभा होता. दाढी वाढलेली, अंगात तोच परवाचा सदरा.

“झोपलो होतो,” तो म्हणाला.

तो झोपला नव्हता. अंथरुणाची घडीही मोडलेली नव्हती. खोलीभर वर्तमानपत्रं पसरून त्यावर त्याने आपली सगळी हत्यारं मांडली होती. पाने, पकडी, पेचकस, लहानापासून मोठ्यापर्यंत, तेल लावून पुसलेली.

“कामावर जातोयस?” ताईने आशेने विचारलं.

“नाही. कामावरच्या नव्या पोराला देऊन टाकतोय. त्याला उपयोगी पडतील.”

ताई हत्यारांकडे बघत उभी राहिली. मग खुर्ची ओढून बसली. “काडतूस कुठाय?”

बारक्याने एक पकड सरळ करून ठेवली. मग सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि ते टेबलावर ठेवलं. ते घरंगळायला लागलं तसं ताईने पटकन तळव्याखाली दाबून धरलं. ते कोमट होतं.

“तू तिथे खोटं का बोललीस?” त्याने विचारलं.

“भीती वाटली.”

“माझी?”

“तुझी कशाला वाटेल? तू नसण्याची वाटली.”

तो समोर जमिनीवरच बसला, भिंतीला टेकून. “घेतलं तेव्हा ठरवून नाही घेतलं. तू पिशवी आणायला गेलीस आणि हात गेला. खिशात असलं की जरा हलकं वाटायचं.”

ताईला वाटलं होतं की पुढचा प्रश्न विचारताना आपली जीभ टाळ्याला चिकटेल. पण तो आला, साधासरळ आला. “मरायचा विचार करतोस का तू?”

“रोज नाही.”

“आज?”

“सकाळी आला होता.”

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती एकदाची चालू होऊन निघून गेली.

“मी त्याला वरून हाक मारली होती,” बारक्या म्हणाला. “थांब म्हणून. त्याला ऐकू गेलं नसेल. चौकशीत मी तसंच सांगितलं. पण आता मी खरंच हाक मारली होती की मारायची राहिली, तेच मला आठवत नाही गं. कितीही आठवलं तरी नाही.”

‘तुझा दोष नाही’ असं ताईच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते आजवर त्याला सगळ्यांनी सांगून झालं होतं. ती खुर्चीवरून उतरली आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. “हे कुणाला बोललास?”

“कुणाला बोलणार?”

“डॉक्टरला बोलू. अशा गोष्टी ऐकून घेणारे डॉक्टर असतात. आज माझ्या घरी चल. राहायलाच चल.”

“आणि नाही आलो तर?”

“तर मी इथेच राहते. तुझ्या भावोजींना भात लावता येतो, उपाशी नाही मरणार कुणी.”

बारक्याच्या तोंडाचा कोपरा जरासा हलला. ताई उठली, त्याची हत्यारं एक एक करून त्याच्या पेटीत भरायला लागली. तो नको म्हणाला नाही. जड पाना मात्र त्याने तिच्या हातून काढून घेतला आणि स्वतः ठेवला.

घरी जायच्या आधी ती दोघं ठाण्यात गेली. ताईने काडतूस हवालदारबाईंच्या टेबलावर ठेवलं. “परवा मी खोटं बोलले,” ती म्हणाली. 

बाईंनी काडतुसाकडे पाहिलं, मग बारक्याकडे पाहिलं. त्यांची नजर त्याच्यावर इतका वेळ राहिली की ताईला वाटलं, आता उठून याचा दंड धरणार. पण बाई म्हणाल्या, “परत आणलंत. जमा करून घेते, तसं लिहूनही ठेवते. वरचे साहेब विचारतील, तेव्हा जसं झालं तसं सांगायचं. पुन्हा खोटं नको.” मग अर्ज बारक्यापुढे सरकवला. “सही मनापासून करताय ना? नंतर ‘मला हवं होतं’ म्हणून येऊ नका.”

“नाही येणार,” बारक्या म्हणाला. त्याने पेन घेतलं आणि सावकाश सही केली.

साहेबांनी दोघांना एकदा बोलावलं, दरडावलं आणि सोडून दिलं. परवानगी यायला बरेच दिवस गेले. ती आल्यावर ठाण्यातून रिव्हॉल्वर बंदुकांच्या दुकानात गेलं आणि व्यवहार पुरा करायला दोघं भावंडं तिथे पोचली. दुकान म्हणजे जाड जाळीचं दार असलेली एक अरुंद खोली. दुकानदाराने कागद वाचले, नळीतून उजेड पाहिला.

“हे आता कुणाकडे जाईल?” बारक्याने विचारलं.

“परवाना असेल त्याच्याकडे. नाहीतर इथेच पडून राहील. इतकी जुनी वस्तू कोण घेतो?”

त्याने ते मागच्या लोखंडी कपाटात ठेवलं आणि किल्ली फिरवली. त्या आवाजाने आपण सुटू असं ताईला इतके दिवस वाटत आलं होतं. तसं काही झालं नाही. रस्त्यावर आली तरी भीती तिच्या बरोबरीने चालत होती, आणि आता तिला बंद करायला कुठलं कपाट नव्हतं.

बारक्या ताईकडेच राहिला. डॉक्टरीणबाईंकडे तो आठवड्यातून एकदा जातो. पहिल्या खेपेला ताई बाहेर बाकावर बसली होती. तो बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते आणि भूक लागली म्हणाला. गोळ्या ताईच्या कपाटात असतात, ती रोज त्याच्या हातावर एक ठेवते आणि तो कुरकुर न करता घेतो. जेवताना भाचीशी वाद घालतो. कामाचं नाव मात्र अजून काढत नाही.

परवा सकाळी तो बराच वेळ न्हाणीघरात होता. ताई पोळ्या करत होती. नळाचा आवाज थांबला तसं तिने लाटणं ठेवलं, गॅस बंद केला आणि पिठाच्या हातांनीच दाराशी आली.

“झालं का रे?”

“दाढी करतोय, ताई.”

“बरं.”

ती तिथेच उभी राहिली. आतून पाण्यात रेझर खळबळल्याचा आवाज आला, मग काहीच नाही, मग पुन्हा आला.

“तू दारात उभी आहेस ना?” त्याने आतून विचारलं.

“हो.”

 मग आतली कडी निघाली, आणि बारक्याने दार उघडंच ठेवून, आरशात बघत, उरलेला गाल करायला घेतला.