आजीचे तीन, माझे बारा

हेलसिंकी ते बँकॉक सात हजार नऊशे किलोमीटर, विमानाला साडेदहा तास, घड्याळात चार तासांचा फरक. झोपेतून उठवून विचारा, सांगेन! बाबा फिनलंडच्या रानात बेऱ्या वेचायला गेलेले, आणि दादा भिक्खू होणार त्या दिवशी त्यांना वेळेवर थायलंडमधल्या आमच्या गावात आणायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलेलं. मिरवणुकीत दादाचं भिक्षापात्र बाबांनी धरायचं असतं. ते नसले तर काका धरणार. दादा तीनदा विचारून गेला होता, "प्लायफा, बाबा येतील ना गं?"

"येतील म्हणजे काय! मिरवणूक तीनला, बाबा साडेदहाला गावात. वर एक झोपही काढतील."

त्या दिवशी सकाळी सात वाजता आजी चिकटभाताची टोपली उतरवत ओरडली, "आटपा गं बायांनो, दोनच तास राहिलेत!"

"कशाला, आजी?"

"मिरवणुकीला. तीनला निघायचं ना?"

माझ्या हातातली केळीची पानं गळून पडली. आमची म्हातारी माणसं सकाळचे तास सातपासून मोजतात. सातला एक, आठला दोन, नऊला तीन! आजी नुसतं 'तीन' म्हणाली होती, आणि गणितात वर्गात पहिल्या आलेल्या मी दुपारचे तीन धरून बाबांना तिकीट काढायला लावलं होतं.

मी धावत विहारात गेले. थोरले भंते अंगण झाडत होते. चूक माझी, हेही सांगून टाकलं.

"बाराच्या आत आम्हाला जेवायचं असतं, पोरी," ते म्हणाले. "तुझ्या घड्याळातल्या साडेदहाला दादा दारात हवा. त्यापुढे नाही थांबता येणार." मग झाडू टेकवून हसले. "वाटेत किती नाचायचं, ते मात्र मी कधी कुणाला सांगितलं नाही."

निघायचा मुहूर्त तर नऊचाच ठरलेला. घर ते विहार आठशे मीटर, फार तर अर्धा तास. तो दीड तास ताणायचा!

मी सरळ बुन्मी मावशीला गाठलं. मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे तीच नाचते.

"मावशी, आज हळू चल."

"अगं, माझे गुडघे वीस वर्षं हेच म्हणतायत, कुणी ऐकलं?"

पण नाचली काय! दोन पावलं पुढे, तीन मागे. प्रत्येक फाटकाशी थांबून घरातल्या म्हाताऱ्यांना बाहेर ओढायची. पांढऱ्या कपड्यातला, मुंडण केलेला दादा मित्रांच्या खांद्यावर बसून सारखा रस्त्याकडे बघत होता. भिक्षापात्र काकांच्या हातात.

विहाराची कमान आली. मावशीने कमानीखालीच शेवटची गिरकी घेतली, मग दुसरी शेवटची, मग तिसरी. आणि मागून हॉर्न!

ऐन उन्हात जाडजूड जाकीट घातलेले बाबा गाडीतून उडी मारून पळत आले. काकांनी पात्र त्यांच्या हातात दिलं. बेऱ्यांच्या रसानं जांभळी पडलेली बोटं त्यावर घट्ट बसली. दादा वरून हसला आणि रडलासुद्धा.

"उशीर झाला का गं? किती वाजले?" बाबांनी धापा टाकत विचारलं.

"साडेचार," आजी म्हणाली.

बाबांनी चमकून माझ्याकडे पाहिलं.

"अगदी वेळेवर आलात, बाबा," मी म्हटलं. "चला आत!"