नाव आणि पत्ता

आमच्या शाळा मंडळाच्या सभेत कुणालाही बोलता येतं, फक्त आधी नाव आणि पत्ता सांगावा लागतो. मग तीन मिनिटं. टेबलावरच्या डबीत हिरवा दिवा लागतो, मग पिवळा, मग लाल. एकोणीस वर्षं मी मंडळाची चिटणीस आहे. दिवा मीच लावते आणि नाव-पत्ताही मीच टिपून घेते. लोक काय बोलले ते मी दुसऱ्या दिवशी विसरते, पत्ते मात्र डोक्यातून जात नाहीत.

ऑक्टोबरातल्या त्या मंगळवारी सभेआधी मी कपाटातला एक अर्ज दोनदा काढून बघितला. माझ्या गेलेल्या बहिणीची मुलगी जनेल ओढ्यापलीकडच्या ट्रेलरवस्तीत, चाकांवरच्या स्वस्त घरांत राहते. तिची पर्ल, वय वर्षं नऊ, ओढ्याअलीकडच्या नॉर्थ हिल शाळेत जाते. अर्जावर पत्ता आहे ४१२, वॉलनट स्ट्रीट. तो माझ्या घराचा. त्यावर ‘तपासले’ हा शिक्का मारलाय, तोही मीच. पलीकडच्या शाळेत पर्ल दुसरीत गेली तरी तिला वाचता येत नव्हतं आणि हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. आता ती माझ्या सोफ्यावर लोळत मला जाडजाड पुस्तकं वाचून दाखवते. केल्याचा मला पश्चात्ताप नाही. भीती मात्र होती, खोटं कशाला बोलू?

त्या संध्याकाळी हद्दीवर मतदान होतं. नॉर्थ हिलची हद्द ओढ्यावरून उचलून पलीकडे रुळांपर्यंत न्यायची, म्हणजे वस्तीतली एक्केचाळीस मुलं पुढच्या ऑगस्टपासून तिथे येणार. सदस्य पाच. दोन बाजूने, दोन विरुद्ध, आणि पाचवे म्हातारे वेंडट काही थांग लागू देत नव्हते. दोन आठवड्यांनी निवडणूक होती. वेंडटांच्या जागेवर ग्रँट प्रूइट उभा होता आणि गावातल्या प्रत्येक हिरवळीवर त्याची पाटी होती: ‘आपली शाळा, आपली मुलं’. आपला तो बाब्या, दुसरं काय!

ठराव झाला तर पर्लचा पत्ता पुढे कुणी विचारणारच नव्हतं. म्हणून मी जनेलला फोनवर बजावलं होतं, “आज घरी बस. तोंडावर बोट.”

ती आलीच. वृद्धाश्रमातला कामाचा झगा अंगावर तसाच, शेवटच्या रांगेत.

प्रूइटने नाव-पत्ता ऐटीत सांगितला. मी हिरवा दिवा लावला.

“ओढ्यापलीकडचे लोक खोटे पत्ते देऊन आपल्या शाळेत मुलं घुसवतात,” तो म्हणाला. “मला निवडून द्या, एकेक दार वाजवून पत्ते तपासतो की नाही बघा.”

खाई त्याला खवखवे. कीबोर्डवर माझी बोटं चुकीची अक्षरं दाबायला लागली.

“आणि ज्यांच्यासाठी एवढा आटापिटा, ते आहेत कुठे? एक तरी आई आलीय का? त्यांना नकोच असेल, तर आपण का जीव काढतोय?”

लोक हसले. टाळ्या पडल्या. वेंडटांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“हे मात्र खरंय,” ते म्हणाले. “तीन सभा झाल्या. पलीकडचं एकही माणूस बोललेलं नाही. मी मत द्यायचं ते कुणाकडे बघून?”

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बस खाली, पोरी, मी मनात ओरडले. जनेल माइकपाशी आली.

“जनेल स्प्रेग,” ती म्हणाली आणि थांबली.

माझ्या तोंडून निघून गेलं, “पत्ता आहे माझ्याकडे. बोला तुम्ही.” मी दिवाही लावला.

“का हो लॉरेटाबाई?” प्रूइट जागेवरूनच म्हणाला. “माझा घेतलात, यांचा का नको? नियम सगळ्यांना सारखा.”

“पत्ता सांगा, बाई,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

जनेलने माझ्याकडे बघितलं. वॉलनट स्ट्रीट म्हण, मी डोळ्यांनी विनवत होते. पण तसं म्हटलं असतं तर ती अलीकडचीच एक आई ठरली असती आणि वेंडटांना बघायला कुणीच उरलं नसतं. हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

“ट्रेलर सव्वीस, मिल क्रीक,” ती म्हणाली. “आम्ही येत नाही कारण सहानंतर पलीकडे बस नाही. मी कामाची पाळी बदलून घेतली आणि दोन मैल चालत आले. आम्हाला शाळा नकोय हे तुम्हाला कुणी सांगितलं? माझ्या पोरीला वाचता येत नव्हतं. आता येतं. पोर तीच, डोकं तेच. फक्त शाळा बदलली.”

प्रूइट उठलाच. “बदलली? ट्रेलर सव्वीसमधून कुठल्या शाळेत जाते ती?”

अध्यक्षबाईंनी हातोडा आपटला, पण कुणाचं लक्ष नव्हतं.

“नॉर्थ हिल,” जनेल म्हणाली.

“कुणाच्या पत्त्यावर?”

“ते मी सांगणार नाही.”

तो माझ्याकडे वळला. “लॉरेटाबाई, पत्ता आहे ना तुमच्याकडे? आत्ताच म्हणालात.”

लाल दिवा लागला होता. सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं. फाइल सापडत नाही म्हणाले असते, तरी ती रात्र निभली असती. पण जनेल माइकपाशी एकटी उभी होती आणि मला स्वतःची लाज वाटली.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी टेबलामागून उठून माइकसमोर गेले. जनेल पुटपुटली, “मावशी, नको.”

“लॉरेटा हॉक,” मी म्हणाले. “४१२, वॉलनट स्ट्रीट. पर्लच्या अर्जावर हाच पत्ता आहे. शिक्का मी मारला. तिच्या आईला बोल लावू नका.”

तीन मिनिटं लागली नाहीत. मग मी जागेवर परत आले, कारण हे इतिवृत्तात लिहायला दुसरं कुणी नव्हतं. माझं नाव आणि पत्ता मीच टिपला, एकही अक्षर न चुकता.

मतांसाठी नावं पुकारायचं कामही माझंच. दोन हो, दोन नाही. “मिस्टर वेंडट,” मी म्हणाले.

त्यांनी चष्मा चढवून जनेलकडे बघितलं. “हो.”

दुसऱ्या दिवशी कुणी मागायच्या आत मी राजीनामा दिला. वेंडट निवडणूक हरले. नवी हद्द ऑगस्टपासूनची, म्हणून पर्लला सभेनंतरच्या सोमवारपासूनच पलीकडच्या शाळेत जावं लागलं. पहिल्या दिवशी ती खूप रडली आणि मीही.

ऑगस्टात जनेल नॉर्थ हिलचा अर्ज भरायला गेली, मी सोबत होते. पत्त्याच्या रकान्यात तिने लिहिलं: ट्रेलर सव्वीस, मिल क्रीक. नव्या चिटणीसबाईंनी मान वरही न करता शिक्का मारला. तपासले.