चेपिताच्या खिडकीपासून

"अरे, बास्केटीत चादरी टाकतायत आणि तशाच सोडून जातायत! माझ्या दुकानात असं कुणी केलं असतं तर झाडू घेऊन मागे लागले असते मी."

नुबियाबाई काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून लॅपटॉपमध्ये डोळे घालून उभ्या होत्या. सकाळी आठला त्यांचं ऑनलाइन दुकान सुरू झालं होतं आणि आता साडेअकरा वाजत आले होते. त्रेचाळीस जणांनी चादरी, पडदे, झुले निवडून बास्केटी भरल्या होत्या. ऑर्डर मात्र एकही नव्हती. ते दुकान ज्याने बांधलं तो बायार्दो सेलेदोन शेजारच्या स्टुलावर बसून त्रेचाळीसच्या आकड्याकडे बघत होता. आपल्याला घाम फुटायला हवा, एवढं त्याला कळत होतं. फुटत नव्हता.

"काहीतरी बोल की! सहा महिने घालवलेस ह्याच्यावर."

"बघतो," तो म्हणाला.

बघण्यासारखं त्याला काही दिसत नव्हतं. फोटो उघडत होते, रंग बदलता येत होते, बास्केटीत वस्तू पडत होती. सगळं त्याने पुन्हा पुन्हा तपासलं होतं. तेवढ्यात दुकानाचा फोन वाजला. नुबियाबाईंनी तो स्पीकरवर टाकला. त्यांची एक जुनी गिऱ्हाईक बाई होती आणि ती ओरडतच होती.

"नुबिया, तुझं हे यंत्र माझ्याकडे घराचा नंबर मागतंय गं! माझ्या बापाच्या घराला नंबर नव्हता, मी कुठून आणू? आणि गल्लीचं नाव लिहा म्हणे. गल्लीला कधी नाव असतं का? रिकामं सोडलं तर लाल होऊन अंगावर येतंय."

फोन ठेवून नुबियाबाई सावकाश वळल्या.

"बायार्दो, तुझा जन्म कुठला?"

"मनाग्वातला."

"मनाग्वात कुठे?"

"जिथे बर्फाचा कारखाना होता, तिथून दोन चौक तळ्याकडे, अर्धा चौक वर."

"ह्यात नंबर कुठे आहे? पिनकोड कुठे आहे?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मनाग्वा भुईसपाट करणाऱ्या भूकंपाला पन्नास वर्षं उलटून गेली, इमारती गेल्या, पण ह्या शहराने पत्ते बदलले नाहीत. जिथे सिनेमाघर होतं, जिथे लहान झाड होतं, तिथूनच लोक अजून मोजत निघतात. तिथून तळ्याकडे, डोंगराकडे, वर म्हणजे सूर्य उगवतो तिकडे, खाली म्हणजे मावळतो तिकडे. बावन्न वर्षं इथे काढलेल्या माणसाने परदेशी नमुन्यातला फॉर्म जसाच्या तसा उचलला होता. त्यात गल्ली, घर नंबर, पिनकोड असे तीन रकाने होते आणि तिन्ही सक्तीचे. तपासताना दर वेळी तो 'गल्ली एक, घर एक' लिहून पाच शून्यं ठोकायचा. एकदाही त्याला ते खटकलं नव्हतं.

खटकणार कसं? काम सुरू झालं आणि दोनच महिन्यांत त्याची बायको होसेफा गेली. सकाळी डोकं दुखतंय म्हणाली, दुपारी हॉस्पिटलात होती, संध्याकाळी नव्हती. नऊ दिवसांच्या प्रार्थना झाल्या, बायका रडल्या, मेव्हणी तर त्याच्या गळ्यात पडून रडली. बायार्दोने सगळ्यांना कॉफी दिली आणि दहाव्या दिवशी बटणांचे रंग ठरवायला बसला. त्यानंतर कुणी काही विचारलं की तो हो म्हणायचा. निळं बटण? हो. बास्केटीचं चित्र डावीकडे? हो. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एल्विनने विचारलं, पुढची खोली भाड्याने देता का? हो. रस्त्याकडची खिडकी बुजवून टाकतो, चोरांची भीती असते, चालेल ना? त्यालाही तो हो म्हणाला. आज सकाळी तो निघाला तेव्हा रोहेलियो मिस्त्री दाराशी वाळू उतरवत होता. बायार्दोने त्याला गुड मॉर्निंग म्हटलं आणि बस पकडली.

"काढ ते रकाने!" नुबियाबाईंनी काउंटरवर थाप मारली. "एकूण एक काढ!"

त्याने काढले. तिथे एकच मोठी मोकळी चौकट ठेवली आणि वर काय लिहू म्हणून विचारलं.

"लिही, टॅक्सीवाल्याला सांगता तसं सांगा."

पाऊण तासात पहिली ऑर्डर आली. मग एकामागून एक येतच राहिल्या, आणि नुबियाबाई मोठ्याने वाचायला लागल्या.

"'जिथे लहान झाड होतं तिथून एक चौक डोंगराकडे, भुंकणारं कुत्रं आहे, चावत नाही.' हे ऐक, 'चर्चच्या मागे, माझ्या नणंदेच्या समोर.' आता हिची नणंद कोण ते मी शोधू? पण शोधीन! अगं बाई, झुले तीन हवेत हिला." त्या हसत होत्या. बायार्दोही हसल्यासारखं करत होता.

दीड वाजता माल पोचवणारा डेनिस हेल्मेट काखेत मारून आला. त्याने तीन पुडकी उचलली, चिठ्ठ्या बघितल्या आणि एकीवर अडला.

"हे कुठे आलं? 'चेपिताच्या खिडकीपासून एक चौक तळ्याकडे, दहा वार खाली, पिवळं फाटक. मेलानिया.' ही चेपिता कोण?"

"मला काय माहीत," नुबियाबाई म्हणाल्या. "बायार्दो, ही मेलानिया तुझ्याच वस्तीतली ना? कोण रे चेपिता?"

बायार्दोने चिठ्ठी हातात घेतली आणि दोनदा वाचली.

"माझी बायको."

"होसेफा?"

"गल्लीत चेपिताच म्हणायचे."

नुबियाबाईंचं हसू मावळलं. डेनिसने हेल्मेट उगाचच ह्या काखेतून त्या काखेत घेतलं.

घराच्या पुढच्या खोलीत होसेफाचं किराण्याचं दुकान होतं. बावीस वर्षं ती त्या खिडकीत बसून साखर, तांदूळ, साबण, मेणबत्त्या विकत होती. उधारी मागणाऱ्याला बसल्या जागेवरून शिव्या घालायची आणि शिव्या संपल्या की उधार द्यायची. वाट चुकलेले टॅक्सीवाले तिच्याचकडे थांबायचे. वाट तेवढी मी फुकट सांगते, असं ती म्हणायची. बायार्दो तेव्हा मागच्या खोलीत असायचा, आणि तिचा आवाज फार होतो म्हणून कानात बोळे घालून काम करायचा. ते बोळे आठवले आणि त्याला तो आवाज हवासा झाला. चार महिन्यांत पहिल्यांदाच.

"किती वाजले?" त्याने विचारलं.

"दीड. का रे?"

"मिस्त्री खिडकी बुजवतोय. मीच सांगितलं होतं." तो उठला होता. "मला ती खिडकी हवीय, नुबियाबाई."

"मग इथे काय उभा राहिलायस? पळ!"

डेनिसची आधी दुसरी दोन घरं होती, म्हणून बायार्दोने टॅक्सी केली. टॅक्सीवाल्याने वाटेत आणखी दोघांना घेतलं, एकाला सोडलं, आणि एका बाईच्या कोंबड्या टपावर चढवल्या. बायार्दो गुडघे घट्ट धरून बसला होता. नळ बंद करायला सांगावा तसा तो 'बुजव' म्हणून बसला होता, आणि आता एकेका सिग्नलला त्याचा जीव वरखाली होत होता.

तो पोचला तेव्हा वरची एकच ओळ राहिली होती. सिमेंटच्या करड्या ठोकळ्यांनी खिडकी भरली होती. उरलेल्या फटीतून त्याने आत पाहिलं. रिकामी फळी दिसली, तराजू टांगायचा आकडा दिसला आणि तिचं स्टूल दिसलं. बसून बसून त्याचा वेत मध्ये खोल गेला होता.

"थांब," तो म्हणाला.

रोहेलियो मिस्त्री थापी हातात धरून शिडीवरून खाली आला. चांगला माणूस होता. होसेफाच्या प्रार्थनांना नऊही दिवस आला होता.

"काय झालं? तुम्हीच हो म्हणालात ना, दादा."

"म्हणालो."

मिस्त्रीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "पाडू का? सिमेंटचा माल ओला आहे अजून. अर्ध्या तासात सांगा, मग मात्र घण लागेल. एल्विनला मी समजावतो, त्याची काळजी करू नका."

बायार्दो बोलायला गेला, पण कोपऱ्यावरून डेनिसची मोटारसायकल वळली. गाडी हळू झाली, घरावरून पुढे गेली, मागे आली आणि रस्त्याच्या मधोमध थांबली. बायार्दो शिडीआड उभा होता. डेनिसला तो दिसला नाही. डेनिसने चिठ्ठी वाचली, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा चिठ्ठी वाचली.

समोरच्या घरातली म्हातारी पायरीवर बसून घेवडा सोलत होती. तिने मानही वर केली नाही.

"कुणाकडे रे?"

"मेलानियाबाईंकडे. पण आधी चेपिताची खिडकी सापडायला हवी, आजी."

"तिच्यासमोरच उभा आहेस की! हीच चेपिताची. इथून एक चौक जा तळ्याकडे, मग खाली वळ. पिवळं फाटक."

"इथे तर भिंत आहे."

"मग? बर्फाच्या कारखान्यात तुला बर्फ दिसला का येताना? जा, ऊन लागतंय."

डेनिस गेला. चौक ओलांडून तो खाली वळला, आणि थोड्या वेळाने फाटकाची कडी वाजल्याचा आवाज आला. मेलानियाबाईंचा आवाजही आला, चादर निळी सांगितली होती की हिरवी, असा काहीतरी. बायार्दो ते ऐकत राहिला.

"दादा," मिस्त्री म्हणाला, "पाडू?"

"नको. सापडलं त्याला."

"नक्की? मघाशी तर..."

"राहू दे. चढ तू. मी देतो वर."

रोहेलियो शिडीवर चढला. बायार्दोने ढिगाऱ्यातला ठोकळा उचलला. जड होता, एका हाताने पेलण्यासारखा नव्हता. त्याने तो डोक्यावर धरून मिस्त्रीच्या हातात दिला आणि दुसरा उचलला. तिसऱ्याला त्याला रडू फुटलं. मोठ्याने, लहान मुलासारखं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. म्हातारीने घेवड्याची सुपली मांडीवरून खाली ठेवली. मिस्त्रीने मान वळवली नाही, फक्त हात खाली केला आणि थांबला. दोन्ही हातांत ठोकळा असल्यामुळे बायार्दोला डोळे पुसता येत नव्हते. तो तसाच पुढे झाला आणि त्याने ठोकळा वर दिला.