टॅमरॅक हाऊसची शनिवारची आग

आमच्या हॉटेलात दर शनिवारी सकाळी अकरा वाजता आग विझवतात. आग लागलेली नसते. पण त्यावाचून कुणाचं काही अडत नाही.

मिशिगनच्या उत्तरेला या तळ्याकाठी एके काळी सहा लाकडी हॉटेलं होती. त्यांतली पाच जळाली. आमचं टॅमरॅक हाऊसही १९०९ साली एका रात्री पेटलं होतं. तेव्हा पाहुण्यांनी अंगावरच्या झोपायच्या कपड्यांतच तळ्यापासून छपरापर्यंत रांग लावली आणि बादल्या हातोहात वर पोचवून ते वाचवलं. त्या वेळचा व्यवस्थापक मात्र कोट चढवून खाली उभा होता आणि 'घाबरण्याचं काही कारण नाही' असं सांगत होता. शेवटची बादली त्याच्यावर ओतली गेली. तेव्हापासून उन्हाळ्यातल्या दर शनिवारी पाहुणे नाइटगाऊन-पायजम्यात रांग लावतात, आणि शेवटची बादली व्यवस्थापकाची.

सध्याचा व्यवस्थापक मी. आंब्रोज, वय सव्वीस. नोकरी देताना दोन कोट शिवून दिले, तेव्हा वाटलं, काय दिलदार माणसं आहेत!

देशातलं कुठलंही जुनं हॉटेल घ्या, तिथं एखादा राष्ट्राध्यक्ष झोपून गेलेला असतो. आमच्याकडेही एक आले होते म्हणतात. नेमके शनिवारी आले, आणि चहासुद्धा न घेता गेले.

तर असं हे हॉटेल या सप्टेंबरात पाडायचं ठरत होतं. मालकीणबाई लाव्हिनिया ऑस्ट्रँडर एकोणऐंशीच्या, जन्म इथलाच. पण निम्म्याहून जास्त वाटा चुलतभावंडांचा, आणि ती सगळी गोल्फवाल्या कंपनीला विकायला निघालेली. वाचायचा एकच मार्ग होता. जिल्ह्याच्या वारसा समितीनं 'ही ऐतिहासिक वास्तू' असं म्हटलं, तर पाडता येणार नव्हतं. समितीच्या प्रूटबाई पाहणीला येणार होत्या. शुक्रवार आणि शनिवार.

"या शनिवारी आग नाही," लाव्हिनियाबाईंनी फर्मान काढलं.

"बाई, पाहुणे ऐकायचे नाहीत."

"ऐकतील. शिकलीसवरलेली बाई येतेय, आणि आपण काय दाखवणार? पायजम्यातले जज? बादल्या धुलाईखोलीत कोंड. आणि बाहेरच्या जिन्याला ते बादल्यांचे आकडे आहेत ना, त्यांना फुलांच्या टोपल्या लटकव."

मी पेटुनियाच्या चाळीस टोपल्या लटकवल्या. जिना नवरीसारखा दिसायला लागला.

प्रूटबाई आल्या. उंच, शांत, पायांत मजबूत बूट. त्यांनी खांबांवर टिचक्या मारल्या, भिंतींचा वास घेतला, पलंगाखाली सरपटत गेल्या. जिन्यापाशी थांबून त्यांनी विचारलं, "हे आकडे कशाचे?"

"फुलांचे," लाव्हिनियाबाई म्हणाल्या.

"म्हणजे अलीकडची सजावट," प्रूटबाई म्हणाल्या आणि पुढं गेल्या.

शनिवारी नाश्त्यानंतर त्यांनी आम्हा दोघांना भोजनगृहात बसवलं.

"बाई, स्पष्टच सांगते. छत सत्तरच्या दशकातलं. खिडक्या अॅल्युमिनियमच्या. दिवाणखान्यात तर चक्क तपकिरी गालिचा. वास्तू जुनी आहे, पण तिच्यात जुनं असं काही उरलेलं नाही. मला होकार देता येणार नाही."

लाव्हिनियाबाईंनी ब्लूबेरी पायची बशी प्रूटबाईंच्या पुढून उचलून माझ्यापुढं ठेवली.

तेवढ्यात बाहेर घंटा घणघणली. अकरा वाजले होते.

निवृत्त जज कॉर्नीलियस झीलस्ट्रा पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात दोन्ही हातांनी घंटेचा दोर ओढत होते. चौथ्या पिढीचे पाहुणे. त्यांच्या पणजोबांचे केस त्या आगीत जळाले होते, आणि घराण्यात टक्कल तिथूनच आलं असं ते छातीठोक सांगत.

"कॉर्नीलियस!" लाव्हिनियाबाई व्हरांड्यातून ओरडल्या. "मी रद्द केलं होतं!"

"अगं लाव्हिनिया, आग कधी रद्द होते का?"

दारं धडाधड उघडली. नाइटगाऊन, लोकरी टोप्या, एक जण तर नुसता टॉवेल गुंडाळून. धुलाईखोलीचं दार बिजागऱ्यांसकट बाजूला झालं. पेटुनियाच्या टोपल्या हवेतून गवतावर येऊन पडल्या आणि आकड्यांवर बादल्या चढल्या. रांग लागली. फक्त दुसऱ्या वळणावर एक जागा रिकामी होती. ती जजसाहेबांच्या बायकोची, आणि तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं.

"ए पोरी, तिथं उभी राहा!" जजसाहेबांनी प्रूटबाईंना हाक मारली.

"मी समितीकडून आलेय."

"समितीला हात असतात ना? दोनच लागतात!"

त्या बहुधा समजावून सांगायलाच जिना चढल्या. पण तिथं पोचताच खालून बादली आली, आणि भरलेली बादली हातात आल्यावर माणूस वाद घालत नाही, पुढं देतो. दुसरी आली. तिसरी आली. प्रूटबाईंची पाठ आपोआप कठड्याला टेकली आणि त्या थबकल्या.

"थांबलीस का गं? वर छप्पर जळतंय!" जजसाहेब ओरडले.

"इथं खोलगट आहे," त्या म्हणाल्या. कठड्याचं लाकूड बरोबर एका पाठीएवढं झिजलेलं होतं. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. प्रत्येक वळणावर तसाच खळगा. पायरी एवढी रुंद, की बादली देणारा आणि घेणारा समोरासमोर मावावेत. आकडे कमरेच्या उंचीवर, घडीव लोखंडाचे. "हा जिना कधी बांधला?"

"आगीनंतरच्या वसंतात. पाहुण्यांनीच हट्ट धरला, म्हणाले, पुन्हा पेटलं तर?" लाव्हिनियाबाई खालून म्हणाल्या. "बदलायचा विषयच आला नाही. दर शनिवारी लागतोच ना!"

"आणि तुम्ही मला फुलं म्हणून सांगितलंत?"

"आम्हाला लाज वाटली."

यावर प्रूटबाई हसल्या. बहुधा नोकरीत पहिल्यांदाच, कारण हसताना त्या जरा गोंधळल्या. नंतर शेवटची बादली छपरावर पोचली, तिच्यामागोमाग वर चढलेल्या जजसाहेबांनी नेम धरला, आणि माझा दुसरा कोटही गेला.

निथळत्या कपड्यांनी आम्ही सगळे व्हरांड्यात जमलो. प्रूटबाई पायरीवर उभ्या राहिल्या. बूट चिंब, केसांत एक पेटुनिया.

"मी दोन दिवस खोल्यांमध्ये शोधत होते. देशात सुंदर छतं पुष्कळ आहेत," त्या म्हणाल्या. "पण पाहुण्यांनी आपलं हॉटेल स्वतः वाचवलं आणि त्यासाठी बांधलेला जिना आजही त्याच कामाला येतोय, असं मी दुसरीकडं पाहिलेलं नाही. माझा होकार. समितीत कुणी नाही म्हटलं, तर मी त्याला शनिवारी इथं घेऊन येते."

पुढं जो जल्लोष झाला, तसा मी ऐकलेला नाही. घंटा, बादल्या, शिट्ट्या, टॉवेलवाल्या गृहस्थानं तर टॉवेल हवेत फिरवला, आणि नंतर सगळ्यांनी नजर तळ्याकडं वळवली. लाव्हिनियाबाई कठडा धरून रडत होत्या आणि रडतारडता जजसाहेबांच्या पाठीत गुद्दे घालत होत्या.

आवाज पाण्यावरून गावापर्यंत गेला असावा. दहा मिनिटांत अग्निशमन दलाचा लाल बंब सायरन वाजवत, पेटुनिया चिरडत थेट व्हरांड्यापाशी येऊन थांबला. दलाचा प्रमुख उडी मारून उतरला.

"कुठं लागलीय?"

"कुठंच नाही," मी म्हणालो. "हॉटेल वाचलं."

त्यानं पायजम्यातल्या ऐंशी भिजलेल्या माणसांकडं पाहिलं, कपाळावर हात मारला आणि ड्रायव्हरकडं वळला. "बंद कर रे तो भोंगा."

"खबरदार बंद केलास तर!" लाव्हिनियाबाई डोळे पुसत पुढं आल्या. "पलीकडच्या काठावर गोल्फवाल्यांचं ऑफिस आहे. तोंड तिकडं वळव, आणि वाजू दे."