कुंपणाजवळची रुई

कोष चिरला तेव्हा धोंडीराम आहेर ओल्या गवतात पोटावर पडलेला होता. जानेवारीची थंडी सदऱ्यातून छातीपर्यंत पोचली होती, पण त्याने श्वास रोखून धरला होता. डोळ्यांपुढे वीतभर अंतरावर, रुईच्या जाड पानाखाली तो कोष लोंबत होता. काल हिरवा दिसणारा कोष आज काळसर झाला होता, आणि आता त्याला फट पडून आतून ओले पाय बाहेर येत होते. धोंडीरामने बटण दाबले. अंगठ्याने रोल पुढे सरकवला. पुन्हा दाबले. तांदळाच्या पुरचुंडीवर टेकवलेला कॅमेरा हलू न देता त्याने डाव्या हातातल्या लहानशा आरशाने उन्हाची तिरीप पानाखाली वळवली. चुरगळलेल्या चिंधीसारखे नारिंगी पंख बाहेर आले.

"हलू नको. जागचा हलू नको."

आवाज डोक्यावरून आला. धोंडीरामने नजर तिरपी केली. गवतात बूट होते, त्यांच्या मागे आणखी बूट.

"हात दिसू दे. दोन्ही."

"एकच मिनिट," त्याच्या तोंडून निघून गेले, "पंख उघडतायत."

पुढच्या क्षणी कोणीतरी त्याला कॉलर धरून उभे केले. आरसा हातातून गळून दगडावर फुटला.

सन दोन हजार दोनचा तो हिवाळा. सीमेवर दोन्ही देशांच्या फौजा समोरासमोर उभ्या होत्या आणि पेपरात रोज युद्धाची भाषा होती. नाशिक रोडच्या बाहेर जुन्या, ओस पडलेल्या बंगल्याची ही बाग होती. गुलाबांची आळी होती, पण गुलाब नव्हते. रुई, घाणेरी आणि धोतरा मात्र मनसोक्त माजला होता, त्यामुळे किडामुंगीला तोटा नव्हता. बागेच्या मागच्या अंगाला काटेरी तारेचे कुंपण होते आणि त्यापलीकडे सरकारी हद्द. तिथे फोटो काढायला मनाई असल्याची पाटी धोंडीरामने वाचली होती. पण आपण हद्दीचा फोटो काढतोय कुठे, आपण तर रुईचा काढतोय, असे म्हणून तो सलग तिसऱ्या सकाळी तिथे आला होता. कोष कधी फुटेल याचा नेम नसतो. पाळत ठेवावी लागते. कुंपणापलीकडून कोणी आपल्यावरही पाळत ठेवून असेल, हे काही त्याच्या डोक्यात आले नाही.

चौकीत त्याला लाकडी बाकावर बसवले. पिशवी टेबलावर उपडी केली. तांदळाची पुरचुंडी, बॅटरी, पांढऱ्या कागदाचे तुकडे, लेन्स उलटी बसवायची धातूची कडी, एसटीचा पास. तरुण फौजदाराने एकेक वस्तू पेन्सिलीच्या टोकाने बाजूला सारली.

"नाव?"

"धोंडीराम आहेर. मूळचा देवळ्याकडचा. एसटीत आहे साहेब. स्टँडवर वाहतूक नियंत्रक. गाड्या लागल्या की माइकवरून पुकारतो ना, तो."

"मग स्टँड सोडून कुंपणाशी काय करत होतास?"

"फुलपाखराचे फोटो काढत होतो."

दाराशी उभा असलेला हवालदार वाळू गांगुर्डे मोठ्याने हसला. पन्नाशीचा, आडव्या अंगाचा माणूस. "ऐकलं का साहेब? फुलपाखरू म्हने. ह्या वयात."

फौजदार हसला नाही. "आणि आरसा कशाला? संत्री सांगतोय, तीन दिवस झाडीतून काहीतरी चमकतंय. कोणाला खुणा करत होतास?"

"पानाखाली अंधार असतो साहेब. उजेड पाडायला."

आपलेच बोलणे आपल्याला खोटे वाटावे, तसे धोंडीरामला झाले. शेहेचाळीस वर्षांचा माणूस, बायको घरी, आणि हा पहाटे उठून पानाखाली उजेड पाडतो. हे कोणाला पटणार?

आणि तरी ते खरे होते. बंद पडलेल्या एका स्टुडिओतून त्याने हा जुना जपानी कॅमेरा घेतला होता. लेन्स उलटी बसवली की मुंगी बैलाएवढी दिसते, हे त्याला तिथल्याच म्हाताऱ्याने दाखवले, आणि त्या दिवसापासून धोंडीरामला वेड लागले. सुटी मिळाली की पास खिशात घालून तो एसटीत बसायचा. कळवणच्या पुढे डोंगरात उतरायचा, पेठ रस्त्याच्या रोपवाटिका धुंडाळायचा, कोणाच्याही परसबागेत "जरा आत येऊ का?" म्हणून शिरायचा. दिवसभर "देवळा, कळवण, फलाटावर लागलेली आहे" असे ओरडून शिणलेला जीव कुठेतरी पानाखाली निवांत व्हायचा. शैला, त्याची बायको, म्हणायची, "अहो, लोक देव बघायला जातात, तुम्ही सुरवंट."

फौजदाराने स्टँडवर फोन लावला. पलीकडचे बोलणे धोंडीरामला ऐकू येत नव्हते, पण फौजदाराने रिसीव्हर ठेवून ते जसेच्या तसे सांगितले.

"माणूस आमचा आहे म्हणतात. सुटीत काय करतो ते आम्हाला ठाऊक नाही."

धोंडीराम टेबलावरच्या एसटीच्या पासाकडे बघत राहिला. अठरा वर्षे ज्यांच्याबरोबर चहा प्याला, त्यांनीही एवढेच सांगावे? पण मग त्याला वाटले, खरेच, त्यांना तरी कुठे ठाऊक आहे? आपणच कधी सांगितले नाही. हसतील म्हणून.

"कॅमेरा उघड," फौजदार म्हणाला. "रोल काढून ठेव इथं."

"साहेब, रोल अजून गुंडाळलेला नाही. असा उघडला तर सगळं जळून जाईल."

"मग जळू दे. तुझं काम झालं नाही म्हणजे झालं."

धोंडीरामने कॅमेरा उचलून छातीशी धरला. का धरला, ते त्याला नंतरही सांगता आले नसते. आयुष्यात तो कोणत्याही साहेबापुढे असा उभा राहिला नव्हता.

"नाही उघडणार," तो म्हणाला. "दुकानात न्या, धुवून घ्या, एकेक फोटो बघा. मला कोठडीत घाला तोवर. पण असा उघडू नका साहेब. यात माझी आई आहे."

मग आतल्या खोलीतला फोन खणखणला. "वरून सारखी विचारणा चालू आहे," असे पुटपुटत फौजदार आत गेला.

आई म्हणजे अक्काबाई. दिवाळीनंतर तिला गावाहून इलाजासाठी इथे आणले होते, आणि महिन्यापूर्वी ती गेली. तिला फोटोचे वावडे होते. कॅमेरा दिसला की पदर तोंडावर ओढायची आणि म्हणायची, "मना फोटू नको काढू रे भाऊ, त्या किडासनाच काढ." ती गेली तेव्हा तिचा म्हणून एकही फोटो घरात निघाला नाही. शेवटी मतदान ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून हार घातला. त्यात तिचा चेहरा असा होता, की जणू तिलाच पोलिसांनी धरून आणले होते. पण जाण्याच्या आठवडाभर आधी, खाटल्यावर उन्हाला बसलेली असताना, धोंडीरामने तिच्या तळहातावर रुईवरची पट्ट्यापट्ट्यांची अळी ठेवली होती. अळी मनगटाकडे निघाली तशी म्हातारीला गुदगुल्या झाल्या, आणि बोळके उघडून ती लहान पोरीसारखी हसली. त्या घटकेला तिला पदर आठवला नाही. धोंडीरामने झटकन लेन्स सुलटी करून बटण दाबले होते. तो फोटो या रोलच्या मध्यावर, मुंग्या-कोळ्यांच्या फोटोंनंतरचा होता. पुढे दवाखाना झाला, दहावे झाले. रोल तसाच राहिला.

"आन इकडं," वाळू हवालदार पुढे आला.

"हवालदार, नको."

"आरं, बघू तर दे." त्याने धोंडीरामच्या हातातून कॅमेरा हिसकला, उलटासुलटा केला. "ह्ये काय हाय? बटन का?" आणि वरची चकती चिमटीत धरून वर ओढली.

खट्‌ झाले. कॅमेऱ्याची पाठ उघडली.

धोंडीराम झेपावला. दोन्ही तळव्यांनी त्याने ते झाकण दाबून बंद केले आणि तसाच हवालदाराच्या हातावर ओणवा राहिला. डोळे मिटण्याइतकाच वेळ. पण खिडकीतून सकाळचे ऊन सरळ टेबलावर पडत होते. वाळूचा चेहरा उतरला. त्याने आतल्या दाराकडे पाहिले, मग धोंडीरामकडे, आणि न बोलता कॅमेरा टेबलावर ठेवला.

फौजदार बाहेर आला तो निर्णय घेऊनच. "वरिष्ठ म्हणतायत, धुवून बघा. गांगुर्डे, बाजारात जा. दुकानदारासमोर उभं राहून धुवून आण."

वाळू रोल गुंडाळून घ्यायला थांबला. ते धोंडीरामलाच करावे लागले. त्याने चकती सावकाश फिरवली. उघडल्याचे त्याने सांगितले नाही. सांगून काय? हवालदार नाही म्हणाला, तर कोणाचा शब्द चालणार?

मग बाकावरची ती वाट पाहणे. धोंडीराम मनात हिशेब करत होता: रोल आत गुंडाळत जातो, जुने फोटो खाली, नवे वर. ऊन आधी वरच्यांना जाळणार. म्हणजे आजचे गेले. कोष गेला, पंख गेले. आई खाली आहे, आई कदाचित... पण ऊन किती झिरपले असेल? आणि मग दुसरीच भीती वर आली. आजचे गेले, म्हणजे आपण खरे बोललो याचा पुरावाच गेला. आपण कुंपणाशी काय काढत होतो, हे दाखवायला आता आपल्याकडे काही नाही. दोनची ड्युटी होती. अटक झाली तर निलंबन. शैला पोह्यांवर झाकण ठेवून दाराकडे बघत असेल. तहान लागली होती, पण पाणी मागायचा धीर झाला नाही.

वाळू परतला तेव्हा ऊन खिडकीतून सरकले होते. त्याने पाकीट टेबलावर ठेवले. "दुकानदार म्हनला, अर्धा रोल जळालाय."

फौजदाराने निगेटिव्हची पट्टी उजेडात धरली. शेवटचा भाग काळा ठिक्कर होता. त्याची नजर सावकाश धोंडीरामवर आली.

"आजचे फोटो नाहीत. कालचे नाहीत. परवाचेही नाहीत. नेमके तेच जळले?" त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मी आत गेलो तेवढ्यात उघडलास ना? पुरावा नष्ट केलास. आता हे प्रकरण माझ्या हातात राहत नाही."

धोंडीरामने वाळूकडे पाहिले नाही. पाहिले असते तर तो आरोप झाला असता. दारात उभ्या असलेल्या दुसऱ्या एका शिपायाने पायावरचा भार बदलला.

"त्यानं न्हाई उघाडला," वाळू म्हणाला.

फौजदार वळला.

"म्या वढलं साहेब. बटन समजून. त्यो तर झाकायला धावला." वाळू ताठ उभा होता, नजर समोरच्या भिंतीवर. "लिवायचं तर माझं नाव लिवा."

"तू आधी का बोलला नाहीस?"

"भ्यालो."

फौजदार खाली बसला. बराच वेळ त्याने कपाळ चोळले. मग वाचलेले फोटो पत्त्यांसारखे टेबलावर मांडले. मुंगीचे डोके. कोळ्याचे डोळे. जास्वंदीच्या केसरावर बसलेली माशी. प्रत्येकात मागे काही आहे का, हे तो वाकून बघत होता.

"मागचं काहीच कसं दिसत नाही?"

"इतकं जवळचं काढलं की मागचं सगळं पुसलं जातं साहेब. कुंपण धरायचं म्हटलं तरी येणार नाही त्यात."

शेवटच्या फोटोवर फौजदाराचा हात थांबला. उजवी बाजू लालभडक जळाली होती, जणू कडेने विस्तव लागत आला होता. तळहात, अळी, खाटले, सगळे त्या लालीत गेले होते. डाव्या बाजूला तेवढा एक चेहरा उरला होता. सुरकुतलेला, दात नसलेला, तोंडभर हसणारा.

"ही?"

"आई."

फौजदाराने फोटो उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. "नियमाप्रमाणे सगळं जमा करावं लागतं," तो म्हणाला. धोंडीरामने मान खाली घातली. तेव्हा टेबलावरून काहीतरी सरकत त्याच्या बोटांना लागले. "हा घे. याचा आमच्या चौकशीशी संबंध नाही. कॅमेरा राहू दे. बोलावलं की यायचं."

वाळू त्याला फाटकापर्यंत सोडायला आला. फाटकाशी त्याने टोपी काढून बगलेत धरली. "आहेर, त्ये पाखरू... जगलं असंल का हो?"

"पंख वाळले असतील तर उडालं असेल," धोंडीराम म्हणाला, आणि स्टँडच्या दिशेने झपझप चालू लागला. दोनची ड्युटी त्याने चुकवली नाही. फक्त त्या दिवशी माइकवर त्याचा आवाज बसलेला होता. एका बाईने खिडकीशी येऊन विचारले, "मास्तर, बरं नाही का?" तो म्हणाला, "थंडी लागली."

कॅमेरा पावसाळ्यात परत मिळाला. काचेवर बुरशी धरली होती. ती पुसून तो पुन्हा रविवारी बागांतून हिंडू लागला, रुईवरचे कोषही शोधू लागला. पण कुठे तारेचे कुंपण दिसले की त्याचे पाय आपोआप दुसरीकडे वळत. त्या सकाळची गोष्ट शैलाशिवाय त्याने कोणाला सांगितली नाही.

अक्काबाईच्या वर्षश्राद्धाला गावाकडची माणसे आली. मावशीने भिंतीवरच्या नव्या फोटोपुढे उभी राहून डोळे पुसले, मग जवळ जाऊन बारकाईने पाहिले.

"हसनी शे माय मनी बहीण," ती म्हणाली. "पन हाई लाल काय रे भाऊ? कुंकू सांडनं का?"

"नाही मावशी," धोंडीराम म्हणाला. "उजेड शिरला होता जरासा."

पंगत बसत होती. त्याने तांब्या उचलला आणि पहिल्या पानापासून पाणी वाढायला सुरुवात केली.