दोन बाईंचा एक वर्ग, मधी कपाट

आईच्यान सांगते, जोतिबाची आन घेते, ह्यातलं एक अक्षर जरी खोटं निघालं तर माझी जीभ झडून चुलीत पडू दे. जसं घडलं तसंच सांगते. गावाचं नाव तेवढं इचारू नका. कराडच्या खालतीकडं, कृष्णाकाठाला हाय. ऊस तिथला असा दाट की एक म्हस आत शिरली, ती दोन रेडकं घिऊनच भाईर आली.

तर त्या गावच्या शाळेत चौथीची खोली गळाया लागली, म्हनून तिसरी-चौथी एकाच खोलीत बसवली. पोरं एक झाली तशा बाई पन दोन झाल्या. थोरली संयोगिता बाई, गावातलीच सून. सासरा लालासाहेब शाळेच्या कमिटीचा अध्यक्ष, नवरा लष्करात, पोरगा जयराज तिच्याच वर्गात तिसरीला. धाकटी पल्लवी बाई, आटपाडीकडची, मेंढपाळाची लेक.

एका चुलीवर दोन सुगरणी म्हनल्यावर भाकरी करपनारच, असं समद्यांना वाटलं. पन झालं उलटं. एकीनं फळ्याम्होरं सांगायचं, दुसरीनं बाकाबाकांतनं फिरायचं, अडलेल्या पोराजवळ बसायचं. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. पहिल्यांदा बाकांतनं फिरताना संयोगिताच्या ध्यानात आलं, की नऊ वर्सं आपन म्होरल्या दोन रांगांनाच शिकवत आलोय. मागं बसलेल्यांची तोंडंसुदीक धड बघितली नव्हती.

मागं कोन बसायचं? ऊस तुटला की पूर्वेकडनं मेंढरं येत्यात. रानात मेंढरं बसवली की लेंडी पडती, त्यासारकं खत न्हाई. मेंढरांसंगं मानसं येत्यात, मानसांसंगं लेकरं. त्यातल्याच कोंडीबा मेंढपाळाची नात रेश्मा. नऊ वर्साची, शेंबडी, पन डोळं असं की अंधारात सुई सापडावी.

त्या दिवशी बे चा पाढा चालला व्हता. जयराज बे चोक आठला अडून बसलेला. पल्लवी बाईनं मागं इचारलं, "रेश्मे, मेंढराचं वय कसं गं वळखतीस?"

"त्वांड उघडायचं, बाई. आदी दोनदाती, मग चारदाती, सहादाती. आठदाती झालं की जुळलं, म्हंजी पुरं वाढलं!"

संयोगितानं लगेच फळ्यावर मेंढराचं त्वांड काढलं. ते मेंढरापरीस लालासाहेबासारकंच झालं, पन दात बराबर व्हतं. दोन-दोन दात वाढवत पाढा चालला. जयराज उठून मागं पळाला. "रेश्मे, माझं बघ की!" आन् आ वासला.

रेश्मानं अंगठ्यानं त्याचा ओठ वर केला. "बाई, ह्यो आजून कोकरूच हाय!"

वर्ग असा हसला की गळक्या खोलीचं उरलेलं कौल बी खाली आलं. आन् जयराजचा पाढा झाला पाठ.

सांजंला जेवताना त्यानं आज्याला पाढा म्हनून दाखवला. लालासाहेब खूश. "वा रं वाघा! कुनी शिकवलं?"

"रेश्मानं. माझं दात बघून."

शालूबाई, संयोगिताची सासू, भाकरी थापत व्हती. हात थांबला. "तोंडात हात घातला? मेंढकीच्या पोरीनं?"

"आत्या, हात धुतले होते तिनं," संयोगिता म्हनाली.

"धुऊन वास जातोय व्हय गं त्यांचा?"

शालूबाईनं नातवाला मोरीत नेलं. मिठाच्या पान्यानं सात चुळा भरायला लावल्या. मग राखुंडी घिऊन हिरड्या अशा घासल्या की रगत आलं. पोरगं कळवळत व्हतं. आन् इकडं लालासाहेब फोनवर कोंडीबाला सांगत व्हता, "उद्या वरल्या तुकड्यात बसव रं मेंढरं. लेंडी दाट पडू दे. भाजीचा वाफा बी हाय त्यात."

संयोगितानं ताटाकडं बघितलं. ताटात त्याच वाफ्यातली मेथी व्हती. तिनं घास गिळला, आन् बोलायचं व्हतं ते बी गिळलं.

सोमवारी कमिटी बसली. लालासाहेब म्हनला, "दोन बाई हायत नव्हं? मग वाटून घ्या. सूनबाई, तू म्होरल्यांना शिकव, त्या बाई मागल्यांना. मधी कपाट लावा."

"आवं, पण आम्ही दोघी मिळून शिकवतो, म्हणूनच तर पोरं..." पल्लवी बाई म्हनाली.

"मिळूनच की! छप्पर एकच हाय." कमिटी खिदळली.

लोखंडी कपाट बारा गड्यांनी ढकललं आन् तेराव्यानं निस्ता आवाज केला. मागं ना फळा, ना खिडकी. पल्लवी बाई कपाटाच्या पाठीवर खडूनं लिवायची. तालुक्याला धाडलेल्या कागदावर मातुर झकास: 'दोन शिक्षिका, एक वर्ग'. खाली संयोगिताची सही.

दुपारच्या सुट्टीत पल्लवी बाई म्हनाली, "ताई, एक दिवस तुम्ही मागं या. मी पुढं शिकवते."

"मला घरात नांदायचंय गं."

पल्लवी बाईनं डबा उघडला. संयोगिताला तिच्याकडं बघवंना, आन् तिथनं उठवंना.

दीड महिन्यानं तालुक्याचं साहेब वर्ग बघाया येनार म्हनून सांगावा आला. साहेब येनार त्या सकाळी कपाट भिंतीला नेलं. फोटूसाठी मेंढपाळांची पोरं म्होरल्या पोरांत मिसळून बसवायची ठरली. तवा शालूबाई आली बादली घिऊन. बादलीत फिनेलचं पानी, संडास धुत्यात त्ये.

"हात बुडवा रं एकेकानं. मग बसा आमच्या पोरांजवळ."

सात लेकरं रांगंला लागली. थंडीनं रेश्माचं हात उललं व्हतं. तिनं बुडवलं, व्हट दाबून धरलं, परकराला पुसलं आन् संयोगिताकडं बघून म्हनाली, "बाई, आता म्होरं बसू का?"

संयोगिता भाईर पळाली. पायरीजवळ भडाभडा वकली. नऊ वर्सांचं समदं वकली म्हना. त्वांड धुऊन आत आली तवा साहेब आलं व्हतं, आन् लालासाहेब छाती काढून हुबा व्हता.

"छान! दोघी मिळून कसं शिकवता, दाखवा बरं," साहेब म्हनलं.

"दाखवते. पल्लवी, धर गं त्या बाजूनं."

बारा गड्यांचं कपाट त्या दोघींनी ओढत आनलं आन् वर्गाच्या मधी हुबं केलं. "असं शिकवतो, साहेब. दीड महिना. कागदावरची सही माझी हाय, आन् ती खोटी हाय."

"सूनबाई!" लालासाहेब वरडला. "घरला ये, मग बगतो."

"आबा, मेथीच्या वाफ्यात त्यांची लेंडी चालती. बाकावर त्यांचं लेकरू चालत न्हाई. तुमाला किळस येत न्हाई? मला येती. माझीच येती."

मग तिनं रेश्माचं हात माठातल्या पान्यानं धुतलं. सवता बादलीपाशी गेली आन् दोनी हात कोपरापतुर त्या फिनेलात बुडवलं. शालूबाईम्होरं धरलं. "आत्या, आता माझ्या हाताला बी वास येतोय. माझ्या हातची भाकरी चालंल का?"

शालूबाईनं पदर नाकाला लावला.

त्याच दिवशी लालासाहेबानं मान खाली घातली. "चुकलं पोरी," म्हनला, आन् सवताच्या हातानं कपाट वऱ्हांड्यात वडून नेलं.

कोंडीबा मातुर थांबला न्हाई. रान अर्धं बसवून झालेलं, तसंच सोडून मेंढरं घिऊन गेला. रेश्माचा पाढा बे साते चौदालाच ऱ्हायला. संयोगिता आता कराडजवळच्या मलकापुरात भाड्याच्या खोलीत ऱ्हाती, जयराजला घिऊन रोज यष्टीनं येती. दोघी परत एका फळ्याम्होरं हुब्या ऱ्हात्यात. सुट्टीच्या दिवशी पांदीपांदीनं मेंढपाळांची पालं धुंडत जात्यात, रेश्मा कुठं हाय ते बघाया. आजून घावली न्हाई. पन सोडनार न्हाईत.

आता शपथ घेतलीया तर सांगूनच टाकते. ह्यात एक गोष्ट म्या पदरची घातली. लालासाहेबाची मान. ती न्हाई वाकली. कपाट बी त्या दोघींनीच भाईर काढलं. तुमाला जरा बरं वाटावं म्हनून लबाडी केली.

त्यो निस्ता येवढंच म्हनला, "चला साहेब, चहा गार व्हतोय." आन् समदं गाव त्याच्या मागनं चहाला गेलं.